उंबऱ्यातला आंबा

सुगंधाच्या चितेसाठी जो आंबा तोडला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारात उभा होता.

जयराम धुरी चहा करायला उठला होता. झाडाला वळसा घालून पलीकडे जाता येतं का, हे त्याने आधी पाहिलं. येत नव्हतं. बुंधा चौकटीत गच्च बसला होता. डावीकडे बोट जाईना, उजवीकडे नख जाईना. मुळं उंबऱ्याखाली शिरली होती, पण लादीला कुठे तडा नव्हता. वर फांद्या वाशांमधून पसरल्या होत्या. झाड तेच होतं, परसातलं रायवळ. काल तोडताना मशीन जिथून गेली होती तिथे सालीवर करदोड्यासारखी एक बारीक रेघ होती, एवढाच फरक.

तो बाहेरून परसात गेला. तिथे खोडाचा बुडखा होता, ओला, मुंग्या लागलेला. म्हणजे आंबा तोडलेलाही होता आणि घरात उभाही होता. त्याने स्वयंपाकघराचं मागचं दार ढकललं, आत पाऊल टाकलं, आणि तो पुढच्या ओटीवर आला. पुन्हा मागे गेला. या वेळी सावकाश, चौकटीला हात धरून आत शिरला. पुन्हा ओटीच. त्याच्या चपला तिथे आधीच काढून ठेवलेल्या होत्या.

"सकाळी सकाळी काय हा वैताग," तो म्हणाला.

तेव्हा पलीकडे भांडं आपटलं. त्याच्या बायकोला, सुगंधाला, भांडं हळू ठेवता येत नसे. जयरामला तो आवाज कानांनी कमी आणि तळपायांनी जास्त कळला.

"चाय टाकलंस काय?" त्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. किंवा आलं असेल आणि झाडातून पोचलं नसेल.

जयरामकडे झाडं कापायची मशीन होती. वाडीत तिला सगळे नुसतं मशीन म्हणत, कारण दुसरी नव्हती. वादळात पडलेले माड, घरावर आलेल्या फांद्या, आणि कोणी गेलं की चितेचा आंबा, सगळं तीच कापायची. इतकी वर्षं कानाशी वाजून तिने जयरामचे कान नेले होते. पूर्ण नाही. समोर बसून किंवा फोनवर मोठ्याने कोणी बोललं तर कळे. बारीक, चिरका आवाज मात्र त्याच्यापर्यंत येतच नसे. आणि मशीनचं सगळं दुखणं बारीक आवाजात असतं.

कार्बोरेटरला दोन छोटे स्क्रू असतात. एक हळू चालण्याचा, एक जोरात चालण्याचा. आत पिळला की पेट्रोल कमी, बाहेर सोडला की जास्त. पेट्रोल कमी पडलं तर मशीन चिरकते आणि आतून जळते. जास्त झालं तर धूर ओकते आणि गुदमरते. बरोबर जागा या दोघांच्या मध्ये, नखाएवढी. ती कानाने शोधावी लागते, म्हणून ती सुगंधा शोधायची. जयराम ओटीवर मशीन घेऊन बसायचा. तिथून सरळ रेषेत स्वयंपाकघराचं दार दिसतं. ती हातातलं काम टाकून त्या दारात येऊन उभी राहायची. पिठाचं बोट खाली केलं की कमी. वर केलं की जास्त. "वायच," असं तिच्या ओठांवरून कळायचं, म्हणजे थोडंसंच. आणि मशीन बरोबर लागली की ती तळवा समोर धरायची. आता ऱ्हवांदे. हात लावू नकात. मग आत निघून जायची.

मशीन बरोबर लागल्याची तिची खूणही ठरलेली होती. हवेत, लाकडाला न लावता, पूर्ण जोर दिला की मशीनला उचकी लागली पाहिजे, आणि पातं लाकडात गेलं की उचकी थांबली पाहिजे. हवेतच साफ वाजणारी मशीन चार दिवसांत जळते. ही उचकी जयरामने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. सुगंधा सांगायची, आणि तो विश्वास ठेवायचा.

त्याने आधी कुऱ्हाड घेतली. पहिला घाव कणकेत बोट जावं तसा आत गेला आणि परत आला नाही. पातं दिसेनासं झालं, दांडा तेवढा बाहेर राहिला. त्याने ओढून पाहिला, लाथ मारून पाहिली, शेवटी त्यावर टॉवेल वाळत टाकला. दुपारी टॉवेल जमिनीवर पडला होता आणि दांडाही गेला होता. पलीकडे कोणीतरी सरपण फोडत होतं.

मग तो स्वतः आत घुसायला गेला. खांदा लावला, जोर केला. साल सोलवटली. झाडाची नाही, त्याची.

तेव्हा त्याने मशीन काढली.

सुरू करायची दोरी एकदाच ओढली, आणि ती धडधडत राहिली. त्याने पातं झाडाजवळ नेलं, जोर द्यायचा खटका दाबला, आणि ती विझली. गुदमरल्यासारखी एकदा ओढली आणि गप्प. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा सुरू. खटका दाबला, पुन्हा गप्प. त्याने प्लग काढला. काळा होता, चुलीच्या धुरासारखा काळा, आणि त्याला फोडणीचा वास येत होता. पुसून लावला. टाकीतलं पेट्रोल ओतून टाकलं, नवं पेट्रोल आणि ऑइल नीट मापाने मिसळून भरलं. तरी तेच. मग हवेचा फिल्टर उघडला. तिथे भुसा सापडायला हवा होता. तांदळाचं पीठ निघालं, ताजं, हाताला गरम लागणारं.

त्याने फिल्टर झाडला, फुंकला, धुऊन उन्हात ठेवला. परत लावून मशीन सुरू केली. ती विझली. फिल्टर उघडला. पीठ.

"अगो, दळतंस कशाक आता?" तो झाडाकडे बघून ओरडला. "माका मशीन लावूची आसा!"

पलीकडचं दळण थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं, जरा हळू.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. दोरी ओढली की माजघर आत येत होतं. दर ओढीला थोडं, पिशवीचं तोंड दोरीने आवळावं तसं. सकाळी बाकडं आणि भिंत यांच्यामध्ये सुगंधाची शिलाई मशीन मावत होती. आता शिलाई मशीन बाकड्यावर चढली होती. देवांचं कॅलेंडर त्याच्या कानाला लागत होतं. त्याने कॅलेंडर काढून गुंडाळून ठेवलं आणि पुन्हा दोरी ओढली.

डोंबिवलीहून मुलीचा, विद्याचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"स्वयंपाकघरात जाऊक नाय मिळणा. दारात आंबो आसा."

"पिकलेला?"

"झाड."

"मग शेजारी जेवा," ती म्हणाली. "आणि औषध विसरू नका. आईने डबी कुठे ठेवलीय माहितेय ना?"

"स्वयंपाकघरात."

"मग आईला सांगा द्यायला," विद्या म्हणाली, आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन बाजारात इस्माईलकडे गेला. इस्माईल पंप, फवारे, गवत कापायच्या मशिनी, सगळं दुरुस्त करतो. त्याने दोरी ओढली. मशीन सुरू झाली. खटका दाबला, ती जोरात ओरडली. रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"काका, हिला काय झालंय? झक्कास आहे."

"घराकडे मरता."

"दुकानात आली की सगळ्या शहाण्यासारख्या वागतात. डॉक्टरकडे नेलं की पोराचा ताप उतरतो ना, तसं." इस्माईलने मशीन पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा, पुन्हा. दर वेळी ती पहिल्या ओढीत लागली. त्याने लाकडाच्या ओंडक्यात पातं घातलं, ते सुरळीत गेलं. "उचकीपण बरोबर. हवेत लागते, लाकडात थांबते. कोणीतरी आठवण काढत असेल हिची," तो हसला. मग जयरामचा चेहरा बघून हसायचा थांबला. "फिल्टरमध्ये काय सापडतं म्हणालात?"

"पीठ."

"कसलं?"

"तांदळाचा. घावन्यांचा."

इस्माईलने मान हलवली. त्याला यात नवल वाटलं नाही. "मग ही हवा तिकडची घेते. स्वयंपाकघरातली. मी इथे बाजारच्या हवेत कितीही लावून दिली तरी उपयोग नाही. जिथली हवा घेते तिथेच लावायला लागेल. झाडासमोर बसा, एक माणूस कान द्यायला घ्या आणि स्क्रू फिरवा."

"कान देऊक माणूस व्हतो."

"मग त्यालाच बसवा."

"तो पलीकडे आसा," जयराम म्हणाला.

इस्माईलने पैसे घेतले नाहीत. एक नवा प्लग मात्र खिशात कोंबला.

घरी आल्यावर कळलं की इस्माईलने दुकानात दोरी फार वेळा ओढली होती. माजघर आता अंथरुणाएवढं राहिलं होतं. बाकडं, कपाट, शिलाई मशीन एकमेकांवर रचली जाऊन वाशांना टेकली होती. जयराम वैतागून मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. दोन्ही भिंतींना तळवे लागले.

प्रश्न सरळ होता, आणि त्याचाच त्याला राग येत होता. झाड कापायचं तर मशीन नीट लागायला हवी. मशीन नीट लागायची तर सुगंधाचा हात दिसायला हवा. हात दिसायचा तर झाड कापायला हवं. तो हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, कुठूनतरी एखादा धागा सुटेल म्हणून. कुठूनच सुटत नव्हता. त्याने स्क्रू अंदाजाने आत पिळला. मशीन विझली. बाहेर सोडला. धूर झाला, मग विझली. पाना आपटला, तो उसळून बुंध्यात गेला. पलीकडून तो परत आला नाही. उलट तिकडे कसलातरी नळ घट्ट केल्यासारखा वाटला, आणि इतके महिने टपकणारा स्वयंपाकघरातला नळ टपकायचा थांबला.

"ता बरा जमता तुका," जयराम म्हणाला.

संध्याकाळी बाप्पा घाडी आले. गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायची विनवणी, तेच घालतात. देवासमोर, झाडासमोर, नव्या विहिरीसमोर. ते आडवे होऊन कसेबसे माजघरात शिरले, आंब्याच्या सालीवरून हात फिरवला आणि कमरेच्या रेघेपाशी थांबले.

"परवा हेका कोणी तोडल्यान?"

"मी."

"तू कित्याक? घरचो माणूस घरच्या चितेचो आंबो तोडता काय?"

"वाडीतले इले व्हते. मशीन कोणाकडनाच चालू होयना. ती माझ्याशिवाय कोणाक दाद देत नाय."

"बरा. मग गाऱ्हाणा घातलंस?"

"घातलंय. असा सांगलंय, बाबा रे, घरात मरण झालाहा, तुका मागतंय, राग मानू नको."

"कोणासाठी मागतंय, ता सांगलंस?"

जयराम सालीवरची रेघ नखाने खरवडू लागला.

"नाव घेतलंस काय तिचा?"

"चारचौघात कसा घेऊ? आमच्यात बायलेचा नाव घेणत नाय."

बाप्पांनी कपाळावर हात मारला, पण भिंत जवळ असल्याने कोपर आपटलं. "म्हणानच घरचो माणूस तोडीत नाय रे! दुसरो कोण असतो तर तेणा घेतल्यान असता. बायलेचा नाव घेतलं असतंस तर जीभ काय झडान पडली असती? आंब्याक नाव व्हया. नाव नाय म्हणजे हो कोणासाठीच तुटाक नाय. मग उभो ऱ्हवात नाय तर काय करीत?"

"मग आता?"

"आता परत तोड. तूच तोड, त्याच मशीनन. आणि पातां लावतना नाव घे. आडवो झालो काय परत उठाचो नाय."

पलीकडे भाजी चिरल्याचा आवाज येत होता. म्हणजे जयरामच्या तळपायांना येत होता. बाप्पांना नीट ऐकू आला. ते झाडाकडे पाहत राहिले.

"नाव घेतल्यावर," जयरामने विचारलं, "ह्या पलीकडचा वाजात काय?"

"नाय," बाप्पा म्हणाले. "मग नाय वाजाचा. मग नुसता स्वयंपाकघर."

"आणि नाव नाय घेतलंय तर?"

"तर उद्या परत उभो. आज दारात आसा, उद्या तुझ्या हांथरुणात. तेका कोणाचातरी नाव व्हया, जयरामा. कोणाचा, ता तेका पडलेला नाय." ते वळायला गेले, वळता आलं नाही, म्हणून तसेच पाठमोरे ओटीवर निघाले. जाताना म्हणाले, "लवकर कर. घर संपत इलाहा तुझा."

जयरामने रात्रभर काही केलं नाही. आंब्याला पाठ लावून बसून राहिला. सकाळी त्याने ठरवलं. झाड पूर्ण कापायचं नाही. नाव घ्यायचं नाही. कमरेच्या रेघेवर एक फट पाडायची, हाताएवढी, पलीकडचा हात दिसेल एवढी. मग मशीन बरोबर लागली आहे की नाही ते ती सांगेल. पुढचं पुढे. मशीन नीट लागली की सगळं सुचतं, हा त्याचा अनुभव होता.

त्याने नवा प्लग घातला. चेन कानशीने दात दात घासून धार लावली. चेनचं तेल तपासलं. आणि दोरी ओढली.

माजघर आत आलं. मशीन सुरू झाली, खटका दाबताच विझली. त्याने स्क्रू थोडा सोडला, दोरी ओढली. भिंत पाठीला टेकली. विझली. पुन्हा ओढली. आता त्याचं पोट झाडाला लागलं. मशीन त्याने दोघांच्या मध्ये उभी धरली होती, पाळण्यातलं मूल उचलून धरावं तशी. पुन्हा ओढली. भिंतीने त्याला पुढे रेटलं आणि त्याचं कपाळ सालीला टेकलं.

मशीन धडधडत होती. आणि कपाळातून, हाडातून, त्याला ठक् असा एक ठोका आला.

त्याने श्वास रोखला. पुन्हा ठक्. उलथन्याचा ठोका होता. लोखंडी उलथनं, मुठीकडून आपटलेलं. एकच ठोका, आणि मग वाट पाहणं.

पहिल्या दिवसापासून ती ठोकत असणार. त्याचं कपाळ कधी झाडाला लागलं नव्हतं, एवढंच.

"कमी?" त्याने विचारलं आणि जोराचा स्क्रू वायच आत पिळला.

ठक्.

त्याने अजून पिळला.

ठक्. ठक्.

"जास्त झाला काय? बरा बाबा." त्याने मागे सोडला. मशीनचा जोर वाढला. त्याने खटका दाबला, आणि ती विझली नाही. तिने त्याचे दोन्ही हात हलवले, भिंत हलवली, वरची कौलं खडखडली. फिल्टरमधून पीठ उडून त्याच्या मिशांवर बसलं. तो हसायला लागला. तिकडे दळणही चालू होतं, भाजीही चालू होती, आणि मशीन ती सगळी हवा खाऊन चालत होती.

"कळता काय गो तुका?" तो ओरडला. "लागली!"

ठक्. एकच.

"अजून कमी? आता कशाक कमी?"

ठक्.

त्याने पिळला, केसभर. पलीकडून काही आलं नाही. ठोका नाही, भांडं नाही, सुरी नाही. दळण थांबलं होतं. याचा अर्थ त्याला माहीत होता. ती हात वर करून उभी होती, तळवा समोर. तिला वाटत असणार, याला दिसतंय.

"माका दिसणा नाय!" तो म्हणाला. "थांब. तशीच थांब."

मशीन खाली घ्यायला जागा नव्हती. पातं आडवं करायलाही नव्हती. पण भिंतीने त्याला असं काही आवळून धरलं होतं की पातं आपोआप कमरेच्या रेघेवरच येऊन टेकलं होतं. दुसरीकडे कुठे टेकूच शकलं नसतं. त्याने पूर्ण जोर दिला. आणि कपाळातून त्याला उचकी ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदा. मशीन अडखळत होती, थांबत होती, पुन्हा लागत होती, मुलांना लागते तशी. इतकी वर्षं सुगंधाने हे ऐकलं होतं, रोज, भाजी चिरता चिरता.

आता पातं आत घालायचं. उचकी लाकडातच थांबते.

त्याने दाबलं. साल फुटली, पातं बोटभर आत गेलं, पण उचकी थांबली नाही. अजून दाबलं. थांबली नाही. चेन धारदार होती, स्क्रू बरोबर होते, पेट्रोल नवं होतं. काहीच चुकलेलं नव्हतं आणि मशीन उचक्या देत अडकून बसली होती. त्याला रडायला आलं ते रागाने. उचकी लागली की सुगंधा काय करायची, ते त्याला आठवलं. ती एकेकाचं नाव घ्यायची. विद्याचं, बहिणीचं, माहेरच्या म्हशीचंसुद्धा. ज्याने आठवण काढली असेल त्याचं नाव आलं की उचकी थांबायची. जयरामचं नाव मात्र ती कधी घेत नसे. त्या वेळी ती नुसती ओटीकडे बघायची.

नाव घेतलं की झाड आडवं होणार होतं आणि पलीकडे नुसतं स्वयंपाकघर उरणार होतं. त्याने दात आवळून धरले. तरीही जीभ दातांमागे आली आणि पहिलं अक्षर ओठांवर आलं. त्याने ते तिथेच धरून ठेवलं.

"जयराम," पलीकडून ती म्हणाली.

ओरडून नाही. दारात उभं राहून हाक मारावी तसं. कपाळातून, स्पष्ट, पूर्ण नाव, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

उचकी थांबली. आंब्याला नाव मिळालं होतं.

मशीन साफ वाजायला लागली, आणि पातं कणकेतून जावं तसं लाकडातून जाऊ लागलं. त्याने खटका सोडला. चेन थांबली नाही. पायावर भुसा पडत होता, पांढरा, गरम. वर वाशांमध्ये फांद्या हलल्या आणि एक कौल सरकलं. पातं पलीकडे निघालं. फटीतून स्वयंपाकघराचा उजेड आला, आणि त्या उजेडात, मनगटापर्यंत पीठ लागलेला, तिचा हात होता. वर उचललेला. तळवा समोर.